रास्पबेरीवरची बुरशी: वर्षभर ती कुठे असते आणि तिला कधी गाठायचं

रास्पबेरी नव्याने लावलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ऐन फळांच्या दिवसांत येतो. काल टवटवीत असलेली एखादी काडी फळांसकट मान टाकते, नाहीतर पिकत आलेल्या फळांवर राखाडी लव चढते. मग विचारणा होते, "आता काय फवारू?" त्या काडीपुरतं उत्तर निराशाजनक आहे. काहीही फवारलं तरी ती वाचणार नाही, कारण तिला लागण बहुतेक आदल्या हंगामातच झालेली असते. फळांवरची लवसुद्धा फूल उमललं तेव्हाच आत शिरलेली असते.

म्हणून रोगांची नावं पाठ करण्याआधी बुरशी वर्षाच्या कुठल्या काळात कुठे दडते आणि केव्हा हलते, ते समजून घ्या. या लेखात महिन्यांची नावं नाहीत. जागेप्रमाणे महिने बदलतात, पण रोपाच्या अवस्थांचा क्रम बदलत नाही. तुमचं रोप आज ज्या अवस्थेत असेल तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. फक्त पहिली पायरी सोडू नका.

पायरी १: जुनी काडी कोणती, नवी कोणती

रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं जगतात, काडी मात्र दोनच वर्षं. पहिल्या वर्षी जमिनीतून हिरवा फुटवा येतो आणि वाढून काडी होते. दुसऱ्या वर्षी तिची साल तपकिरी होते, डोळ्यांतून, म्हणजे काडीवरच्या कळ्यांतून, फळफांद्या फुटतात, फळं येतात आणि काढणीनंतर ती काडी मरते. तोवर शेजारी पुढच्या वर्षीची हिरवी काडी उभी असतेच. वाढीच्या सगळ्या काळात दोन पिढ्या एकमेकींना खेटून असतात.

बुरशीला नेमकं हेच हवं असतं. ती जुन्या काडीच्या सालीत हिवाळा काढते, वसंतातल्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या काडीवर जाते, आणि जुनी काडी मरेपर्यंत नव्या घरात स्थिरावलेली असते. ही साखळी कुठे तोडायची हे कळलं की निम्मं काम झालं.

सुरुवातीला दोन काड्यांत गोंधळ होतो. फळं लागलेली असताना जुन्या काड्यांना बुंध्याशी रंगीत सुतळी बांधून ठेवा. काढणीनंतर छाटताना चुकून नवी काडी कापली, तर उन्हाळी वाणाच्या (दुसऱ्या वर्षीच्या काडीवर फळ देणाऱ्या) त्या काडीवरचं पुढच्या वर्षीचं फळ गेलंच.

काही वाण पहिल्याच वर्षी, शरदात, नव्या काडीच्या शेंड्याकडे फळ देतात. अशा वाणाचं फक्त शरदातलं फळ घ्यायचं ठरवलं, तर विश्रांतीच्या काळात, म्हणजे पानगळीनंतर डोळे फुटेपर्यंत, सगळ्या काड्या जमिनीलगत कापून टाकता येतात. मग काड्यांवरच्या बुरशीला हिवाळा काढायला जागाच उरत नाही. पहिल्यांदाच लावणार असाल आणि तुमच्याकडे वसंत ओला असेल, तर मी असाच वाण घ्यायला सांगेन. उन्हाळी वाणाचं फळ चांगलं असेल, पण शिकताना चुकांना थोडी मोकळीक असलेली बरी.

पायरी २: पानं नसताना पाहणी

रोग शोधायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पानगळीनंतरचा. तेव्हा फवारायचं काही नसतं, म्हणून लोक बागेत फिरकतच नाहीत. कोरड्या दिवशी भिंग आणि सिकेटर घेऊन ओळीतून सावकाश चाला आणि प्रत्येक काडी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बघा.

डोळ्यांच्या आसपासची साल चंदेरी-राखाडी झाली असेल आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दाटीने दिसत असतील, तर तो स्पर ब्लाइट. डिडिमेला अप्लानाटा ही त्याची बुरशी, आणि ते ठिपके म्हणजे तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, साठवायची कोठारं. अशा काडीचे डोळे दुबळे राहतात, काही फुटतच नाहीत.

साल फिकट पांढुरकी आणि तिच्यावर काही मिलिमीटर लांबीचे काळे, फोडासारखे उंचवटे असतील, तर ती राखाडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया. हे उंचवटे म्हणजे बुरशीचे घट्ट गोळे, थंडी सहज सोसणारे. फळं नासवणारी ती हीच. ती काडीवरही राहते हे नव्यांना माहीत नसतं.

खोलगट डाग, मध्ये राखाडी आणि कडेला जांभळे, म्हणजे अँथ्रॅकनोज. काळ्या आणि जांभळ्या रास्पबेरीवर तो जास्त जोर करतो. बुंध्याजवळ गडद तपकिरी पट्टा असून हलक्या हाताने वाकवताच काडी कट्‌कन मोडत असेल, तर तो काडीचा करपा. त्याच्याकडे काढणीनंतरच्या पायरीत पुन्हा येऊ.

चारही नावं लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही, कारण या चौघांवर विश्रांतीच्या काळातलं काम एकच आहे. डागाळलेली काडी जमिनीलगत कापायची. खुंट ठेवायचा नाही, कारण त्या दोन बोटांच्या खुंटावरही बुरशी जगते. त्यानंतर विरळणी. दर मीटर ओळीत 10 ते 15 निरोगी, जाड काड्या पुरेत, आणि बुंध्याशी ओळीची रुंदी 30 ते 45 सेंटीमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. चांगल्या दिसणाऱ्या काड्या कापताना हात कचरतो हे मला माहीत आहे. कापा. त्या ठेवल्या तर पावसानंतर ओळ वाळायला दुप्पट वेळ घेईल.

कापलेलं सगळं बागेबाहेर न्यायचं आणि जाळायचं किंवा खोल पुरायचं. जाळायला बंदी असेल तिथे पुरणंच योग्य. पहिल्या वर्षी मी छाटणीचा ढीग ओळीच्या टोकाला रचला, "सवडीने उचलू" म्हणून. तो वसंतभर तिथेच भिजत राहिला, आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त डाग ढिगाजवळच्या काड्यांवर उठले. मेलेल्या काडीवर बुरशी मरत नाही. उलट तिथेच तिचे बीजाणू तयार होतात.

डोळे फुगून हिरवं टोक 6 ते 12 मिलिमीटर बाहेर आलं की चुना-गंधकाच्या द्रावणाची एक फवारणी पुष्कळ ठिकाणी केली जाते. जुन्या सालीवरच्या बुरशीवर, विशेषतः अँथ्रॅकनोजवर, तिचा चांगला उपयोग होतो. पण वेळ चुकवू नका, कारण पानं उलगडल्यावर मारलं तर पानं भाजतात. तेलयुक्त फवारणीत ते मिसळायचं नाही. डोळ्यांना आणि कातडीला ते घातक आहे, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. आणि तुमच्याकडे रास्पबेरीसाठी त्याला परवानगी आहे का, ते लेबलवर आधी पाहा.

पायरी ३: डोळे फुटल्यापासून कळीपर्यंत

वर्षाचा निकाल इथे लागतो. आपल्याला मात्र बहुधा काहीच दिसत नाही.

वसंतातला पाऊस जुन्या काडीवर पडला की सालीवरची कोठारं पाणी शोषून फुगतात आणि बीजाणू सोडतात. काही वाऱ्यावर जातात, काही थेंबाच्या शिंतोड्याबरोबर उडतात. त्याच सुमाराला जमिनीतून नवे फुटवे वर येत असतात. बीजाणू ओल्या पानावर किंवा कोवळ्या सालीवर पडतो, पृष्ठभाग काही तास ओला राहिला तर रुजतो आणि आत शिरतो. पृष्ठभाग लवकर सुकला तर बहुतेक बीजाणू रुजण्याआधीच मरतात. म्हणजे तुमच्या हातात पाऊस नसला, तरी त्यानंतरचे ओले तास तुमच्या हातात आहेत.

यासाठी एक वही करा. पाऊस किती झाला यापेक्षा पावसानंतर किंवा दवानंतर ओळीच्या मध्यातली खालची पानं किती वाजता कोरडी झाली, ते लिहा. बोट लावून पाहिलं तरी पुरे. बाहेरची पानं सकाळी नवाला कोरडी आणि आतली अकरापर्यंत ओली असतील, तर तुमची ओळ दाट आहे. पहिल्या दोन आठवड्यांतच कळतं की कुठला कोपरा उशिरा सुकतो. पहिला डागही तिथेच शोधा.

स्पर ब्लाइटची चाल तर मजेशीर आहे. तो थेट काडीवर हल्ला करत नाही. आधी नव्या काडीच्या खालच्या, जुनाट पानांच्या कडेला शिरतो आणि आत पाचरीच्या आकाराचा तपकिरी डाग तयार करतो, ज्याची कड पिवळी असते. मग शिरेतून देठात आणि देठातून डोळ्यापाशी पोचतो. डोळ्याभोवती जांभळट-तपकिरी डाग उठतो, तेव्हा उन्हाळा निम्मा सरलेला असतो. खालच्या पानांवर पाचर दिसताच ते पान देठासकट खुडलं, तर बुरशीची वाट तिथेच अडते. चारदोन ओळींच्या बागेत हे सहज जमतं.

अँथ्रॅकनोजचं उलट आहे. त्याला फक्त कोवळं लागतं. काडीचा जो भाग राठ झाला तो सुटला. म्हणून फुटवा साधारण वीतभर झाल्यापासून शेंडा वाढत असेपर्यंत त्याला जपायचं.

तांबेऱ्याची पहिली खूणही याच काळात दिसते. पिवळ्या तांबेऱ्याचे नारिंगी-पिवळे फोड वसंतात पानाच्या वरच्या बाजूला येतात, उन्हाळ्यात खालच्या बाजूला नारिंगी भुकटी सुटते आणि शरदाकडे तिथेच काळे ठिपके उठतात. रंग तीन, पण बुरशी एकच, आणि तिचं सगळं आयुष्य रास्पबेरीवरच जातं.

या काळातली कामं सांगतो. ओळीखालचं तण काढा, कारण उंच गवत बुंध्याशी दमट हवा कोंडून ठेवतं. पाणी ठिबकने द्या. वरून शिंपडणं म्हणजे बुरशीसाठी आपल्या हाताने पाऊस पाडणं. नत्र हात राखून द्या. भरमसाट नत्रावर वाढलेली काडी लुसलुशीत राहते आणि उशिरापर्यंत पालवत राहते. बागेत जुनी, जोमदार ओळ असेल तर फुटव्यांची पहिली लाट वीतभर असतानाच काढून टाकायची पद्धतही आहे. मागून येणारे फुटवे वसंताच्या ओल्या दिवसांतून सुटतात. नव्या लागवडीवर मात्र हे करू नका, मुळं अजून तेवढी सशक्त नसतात.

पायरी ४: फुलं

राखाडी बुरशी फळावर दिसते, पण शिरते फुलातून. तिचे बीजाणू हवेत जवळपास कायम असतात. फुलोऱ्यात पाऊस किंवा धुकं टिकलं आणि तापमान 15 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं, की ती केसर आणि पाकळ्यांमार्गे आत जाते आणि गप्प बसते. हिरव्या फळाला ती काही करत नाही. फळात साखर भरू लागली, साल मऊ पडली, की जागी होते. काढणीच्या दिवशी टणक, लालबुंद दिसलेलं फळ दोन दिवसांत डब्यातच लव धरतं, त्याचं कारण हे.

तेव्हा फवारणी करायचीच असेल, तर ती पहिली फुलं उमलताना आणि भर फुलोऱ्यात, पावसाच्या आधी. फळावर लव दिसल्यावर मारलेलं बुरशीनाशक फार तर शेजारच्या फळांना थोडं वाचवेल. फुलोऱ्यात मधमाश्या काम करत असतात. लेबलवर मधमाश्यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, आणि फवारणी माश्या परतल्यावर संध्याकाळी करा. पण पानं रात्र पडायच्या आत वाळतील इतका वेळ हाताशी ठेवा.

पायरी ५: फळं

दर दोन दिवसांनी तोडणी. पिकलेलं फळ झाडावर राहिलं की ते बुरशीचा कारखाना होतं. दोन डबे घ्या: एकात चांगलं फळ, दुसऱ्यात नासकं. नासकं फळ ओळीत टाकायचं नाही. आधी चांगली फळं तोडा आणि नासकी शेवटी, म्हणजे हाताला लागलेले बीजाणू चांगल्या फळांवर जात नाहीत. ओलं फळ तोडू नका. तोडल्याबरोबर सावलीत न्या आणि लवकरात लवकर थंड करा. शून्य अंशाच्या जवळ ते सगळ्यात जास्त टिकतं. धुवायचं ते खाण्याआधी.

आता ती मान टाकलेली काडी. इथे घाईने बुरशीवर आरोप करू नका, आधी नीट बघा. फक्त शेंडा लोंबतोय आणि त्याखाली काडीभोवती थोड्या अंतरावर दोन बारीक वलयं कोरलेली आहेत? तो काडी पोखरणारा भुंगा आहे. वलयांच्या खाली कापा, झालं. एकच अख्खी काडी वाळली आणि बुंध्याशी गडद चट्टा आहे? तो काडीचा करपा. ओळीतला एक पट्टाच्या पट्टा, नव्या फुटव्यांसकट, सुकतोय? मग मुळं उकरून बघा. फळावरचे काही दाणे नुसते पांढरे पडले असतील तर ते बहुधा उन्हाने भाजलेले असतात, तिथे औषध नको.

भुरी या सगळ्यांत वेगळी. बाकीच्यांना ओल हवी, हिला पानावर पाणी साचलेलं चालत नाही. उबदार कोरडे दिवस आणि दमट हवा तिला मानवते. पानांवर आणि शेंड्यांवर पांढरी पूड दिसते, पानं पिळवटतात. हिवाळा ती शेंड्याकडच्या डोळ्यांत काढते, म्हणून विश्रांतीच्या छाटणीत पुडीचे शेंडे कापून टाका. "पाऊस नाही, आता बुरशीची काळजी नाही" असं म्हणणाऱ्यांना ही दरवर्षी खोटं पाडते.

पायरी ६: काढणी संपल्यावर

फळं संपली की बागेतलं लक्ष उडतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात मोलाचं काम असतं. फळ दिलेल्या, सुतळी बांधलेल्या काड्या लगेच जमिनीलगत कापून बाहेर काढा. नव्या काड्यांना ऊन-वारा मिळतो आणि जुन्यांवरून येणारे बीजाणू थांबतात. कडक थंडीच्या भागांत काही जण या काड्या हिवाळ्यापर्यंत ठेवतात, त्यांतलं अन्न मुळांत परत जावं म्हणून. त्यात तथ्य आहे. पण बागेत रोग होऊन गेला असेल, तर मी वाट बघणार नाही.

छाटणीला असा दिवस निवडा की त्यानंतरही दोन-तीन दिवस कोरडे असतील. काडीचा करपा धडधाकट सालीतून आत जात नाही, त्याला जखम लागते. सिकेटरचा ओरखडा, जुन्या खुंटावर घासलेली साल, वाऱ्याने तारेवर कापलेली काडी, सालीच्या चिरांत अंडी घालणाऱ्या काडीमाशीच्या अळीने केलेली इजा, यांतलं काहीही चालतं. आज झालेल्या जखमेतून शिरलेली बुरशी पुढच्या उन्हाळ्यात फळांनी लगडलेली काडी पाडते. म्हणून नव्या काड्या तारेला सैल पण हलणार नाहीत अशा बांधा. सिकेटरला धार ठेवा आणि रोगट काडी कापल्यावर पाती स्पिरिटने पुसा.

शरदात फळ देणाऱ्या वाणांवर याच सुमारास उशिराचा तांबेरा येतो. पानांच्या खालच्या बाजूला आणि थेट फळांवरही पिवळी भुकटी दिसते. त्याचं दुसरं घर पांढऱ्या स्प्रूसच्या झाडावर असतं. जवळ ती झाडं असतील, तर दर शरदात पानं उलटून पाहायची सवय लावा.

जमिनीखालचं

मुळांचे रोग छाटणीने जात नाहीत, म्हणून त्यांचा विचार लागवडीआधी करायचा. मूळकूज घडवणारी फायटोफ्थोरा रुबी काटेकोर बोलायचं तर बुरशी नाही, पाण्यातल्या वेगळ्याच जीवांच्या कुळातली आहे. तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. पाणी साचलं की ती पसरते, आणि तिचे टिकाऊ बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात. सुकणाऱ्या रोपाच्या मुळाची साल नखाने खरवडा. आत पांढरं असेल तर मूळ जिवंत आहे, विटकरी तपकिरी असेल तर गेलं. पाण्याचा निचरा नसेल तिथे 25 ते 30 सेंटीमीटर उंच गादीवाफे करा. गेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा रास्पबेरी लावू नका.

व्हर्टिसिलियम या मातीतल्या बुरशीची मर टाळायची तर नुकतं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची किंवा स्ट्रॉबेरीचं पीक निघालेली जागा नको. काळ्या रास्पबेरीला ती जास्त झोडपते. रोपं मात्र तपासलेल्या, प्रमाणित रोपवाटिकेतूनच घ्या. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या फुटव्याबरोबर त्याच्या मातीतलं सगळं तुमच्याकडे येतं.

आणि काळ्या रास्पबेरीवर वसंतात बारीक, पिवळट, काटकुळे फुटवे येऊन त्यांच्या पानांखाली झगझगीत नारिंगी थर दिसला, तर तो नारिंगी तांबेरा. तो अख्ख्या रोपात, मुळांपर्यंत भिनलेला असतो. थर फुटून उधळायच्या आत रोप मुळासकट उपटा. लाल रास्पबेरीला तो होत नाही.

फवारणीबद्दल थोडं

बहुतेक बुरशीनाशकं लागण अडवतात, झालेली लागण बरी करत नाहीत. एकाच गटाचं, म्हणजे बुरशीवर एकाच पद्धतीने काम करणारं, औषध पाठोपाठ वापरलं तर राखाडी बुरशी फार लवकर त्याला दाद देईनाशी होते. डब्यावर गटाचा क्रमांक असतो. नाव बदललं पण क्रमांक तोच राहिला, तर औषध बदललं असं होत नाही. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

हा लेख ऐन फळांच्या दिवसांत तुमच्या हाती आला असेल, तर आज एवढंच करा. वाळलेल्या काड्यांना सुतळी बांधा, पहिल्या कोरड्या सकाळी त्या जमिनीलगत कापून बाहेर न्या, नासकी फळं वेचा आणि कुठल्या कोपऱ्यात किती काड्या गेल्या ते वहीत लिहा. पानगळ झाल्यावर भिंग घेऊन पाहणीला त्याच कोपऱ्यापासून सुरुवात करा.